बोरीबंदरचे स्थानक : बदलत्या गाड्या, बदलते प्रवासी

मुंबईच्या कोट भागातील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकाचे वर्णन करताना घुमट, कमानी, दगडी कोरीवकाम आणि रंगीत काचा यांचा उल्लेख बहुधा प्रथम केला जातो. ते स्वाभाविक आहे. परंतु स्थानकाचे खरे स्वरूप ठरते ते तेथे कोणत्या गाड्या येतात, त्यांतून कोण उतरते, कोणत्या कामासाठी उतरते आणि संध्याकाळी कोठे परत जाते, यावरून. या दृष्टीने पाहिले, तर बोरीबंदरच्या या जागेवर १८५३पासून एकामागून एक तीन स्थानके उभी राहिली, असे म्हणावे लागेल. पहिले बंदराचे, दुसरे साम्राज्याचे आणि तिसरे रोज कामावर जाणाऱ्या माणसाचे. यांतील तिसरे स्थानक आजही दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात नांदत आहे. आजच्या अनेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत सापडते. म्हणून हा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

बंदराकाठची सुरुवात

बोरीबंदर हा मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील एक धक्का होता. मालाने भरलेल्या बोऱ्या येथे उतरविल्या जात, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. जिच्यावरून मुंबईला नाव मिळाले, त्या मुंबादेवीचे जुने देऊळही याच परिसरात होते. अठराव्या शतकात ते येथून हलविण्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या व्यापारापुढील मोठा अडसर सह्याद्रीचा होता. वऱ्हाड, खानदेश आणि दख्खन या प्रदेशांतील कापूस बैलांच्या पाठीवरून किंवा बैलगाड्यांतून घाट उतरून येई. वाटेत तो भिजे, मातीने मळे आणि पावसाळ्यात तर वाहतूक जवळजवळ थांबे. विलायतेतील गिरण्यांना कापूस हवा होता आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना तो वेळेवर बंदरात हवा होता. या गरजेतून लोहमार्गाची कल्पना पुढे आली. १८४५च्या सुमारास तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हे अग्रभागी होते.

१८४९मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीने तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली. फायदा कमी पडल्यास तूट भारताच्या महसुलातून भरून निघणार होती. म्हणजे भांडवल विलायतेचे असले, तरी जोखीम येथील रयतेने उचललेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामास प्रारंभ झाला. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंता होते. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी असा तो सोहळा होता. अंतर एकवीस मैलांचे म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचे होते. ज्या स्थानकातून ही गाडी सुटली ते मात्र अगदी साधे होते. त्या काळी महत्त्व मार्गाला होते. इमारतीचा विचार पुढचा होता.

घाट ओलांडल्यानंतर

लोहमार्ग १८५४मध्ये कल्याणला पोहोचला. पण त्याचा खरा हेतू घाटापलीकडे होता. बोरघाटाचे काम त्या काळातील अत्यंत अवघड कामांपैकी एक समजले जाई. सदतीस फुटांस एक फूट असा चढ, अनेक बोगदे, दऱ्यांवरील उंच पूल आणि मध्येच गाडीची दिशा उलट करणारे स्थानक, अशी त्याची रचना होती. कामाच्या ऐन भरात येथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीसारख्या साथींनी त्यांतील कित्येकांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात आल्यानंतर लवकरच मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. १८६३मध्ये बोरघाट आणि १८६५मध्ये थळघाट वाहतुकीस खुला झाला.

याचे परिणाम झपाट्याने दिसले. १८६७मध्ये मार्ग नागपूरला भिडला आणि १८७०मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. दरम्यान १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला होता आणि भारतीय कापसास कधी नव्हे एवढा भाव आला होता. बोरीबंदर हे आता एका बेटावरचे टोक उरले नाही. देशाच्या अंतर्भागातून येणारा माल आणि समुद्रापलीकडे जाणारी जहाजे यांची गाठ येथे पडू लागली.

याच मार्गाने माणसेही आली. मुंबईत कापड गिरण्या वाढू लागल्या, तसे पुणे, सातारा, अहमदनगर, नाशिक या जिल्ह्यांतील कष्टकरी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून शहरात येऊ लागले. जातिपातीचे निर्बंध कडक असलेल्या त्या समाजात अनोळखी माणसाशेजारी एकाच डब्यात बसणे ही लहान घटना नव्हती. १८९६मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा हीच माणसे मोठ्या संख्येने गावाकडे परतली आणि स्थानकांवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. शहर आणि खेडे यांचे भवितव्य लोहमार्गाने एकमेकांत किती गुंतविले होते, हे त्या प्रसंगी प्रथमच ठळकपणे दिसले.

साम्राज्याची वास्तू

वाढत्या वाहतुकीस जुने स्थानक अपुरे पडू लागले. नव्या इमारतीचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने तयार केला. १८७८मध्ये सुरू झालेले काम पूर्ण होण्यास दहा वर्षे लागली आणि त्यावर सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाला. १८८७मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला, त्या निमित्ताने स्थानकास ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव देण्यात आले. समोरची महानगरपालिकेची इमारत आणि चर्चगेट येथील दुसऱ्या रेल्वे कंपनीचे मुख्यालय या वास्तूही पुढे स्टीव्हन्स यांनीच उभारल्या.

इमारतीची शैली इटालियन गॉथिक वळणाची असली, तरी तिच्यातील मनोरे, टोकदार कमानी आणि एकूण मांडणी भारतीय राजवाड्यांशी नाते सांगते. कोरीवकामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा सहभाग होता. पाने, फुले, पक्षी, माकडे असे येथल्या निसर्गातील नमुने त्यांनी दगडात उतरविले. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. घुमटाच्या माथ्यावर एका हाती मशाल आणि दुसऱ्या हाती चक्र घेतलेली ‘प्रगती’ची मूर्ती आहे. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्याही प्रतिमा कोरलेल्या आहेत. घड्याळाखाली पूर्वी राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढण्यात आला.

इमारतीचा दर्शनी, सर्वांत भव्य भाग कचेऱ्यांसाठी होता. राज्य करणाऱ्या कंपनीची प्रतिष्ठा त्यातून दाखवावयाची होती. तिकीटघराच्या छतावर सोनेरी तारे रंगविले गेले, आणि त्या ताऱ्यांखालून आजही उपनगरी प्रवासी तिकिटे घेऊन जातात. एका काळाच्या वैभवाचा दुसऱ्या काळाने केलेला हा वापर या स्थानकाचे वैशिष्ट्य ठरला.

स्थानकाची वेळ, शहराची वेळ

रेल्वेने मुंबईला वेळेचे नवे भान दिले. पण ते सहजासहजी स्वीकारले गेले नाही. गाड्या मद्रासच्या वेळेनुसार धावत आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे तीस मिनिटांनी पुढे असे. घरच्या घड्याळावर विसंबून निघालेल्या प्रवाशाची गाडी चुकणे हे ठरलेलेच होते. १८८१मध्ये सरकारने शहरातही मद्रासची वेळ लागू करण्याचा प्रयत्न केला. लोकांनी त्यास एवढा विरोध केला, की १८८३मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहराच्या काही व्यवहारांत विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकापर्यंत टिकून राहिली. आज मिनिटामिनिटाच्या हिशेबाने धावणाऱ्या मुंबईकराला हे नवल वाटेल. वेळेची ही शिस्त त्याच्या अंगी बाणविली ती मुख्यतः विजेच्या गाडीने.

विजेच्या गाडीने घडविलेला बदल

३ फेब्रुवारी १९२५ हा या स्थानकाच्या इतिहासातील १६ एप्रिल १८५३ इतकाच महत्त्वाचा दिवस मानावा लागेल. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची प्रवासी गाडी धावली. चार डब्यांची ही गाडी १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश विद्युतप्रवाहावर चालत असे. पुढील पाच वर्षांत मुख्य मार्गाचे पुणे आणि इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण झाले. त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते.

या बदलाचे महत्त्व केवळ धूर नाहीसा होण्यात नव्हते. टर्मिनस म्हणजे जेथे रूळ संपतात असे स्थानक. वाफेच्या इंजिनाने ओढलेली गाडी तेथे शिरली, की इंजिन फलाटाच्या बंद टोकाशी अडकून पडते. दुसऱ्या टोकास दुसरे इंजिन जोडल्याशिवाय गाडी परत फिरत नाही आणि तोपर्यंत फलाट अडलेला राहतो. विजेच्या उपनगरी गाडीत मोटारी डब्यांखालीच असतात आणि दोन्ही टोकांस चालकाची केबिन असते. चालक आणि गार्ड यांनी जागा बदलली, की काही मिनिटांत गाडी परतीच्या प्रवासास सिद्ध होते. शिवाय ती लवकर वेग घेते आणि लवकर थांबते. म्हणून जवळजवळची स्थानके घेऊनही तिचा वेळ वाया जात नाही. तेवढ्याच फलाटांतून कितीतरी पटींनी अधिक गाड्या सोडणे यामुळे शक्य झाले.

येथून स्थानकाचा धर्मच बदलला. नोकरी कोटात आणि बिऱ्हाड दादर, कुर्ला, ठाणे किंवा कल्याण येथे, अशी राहणी सामान्य माणसास परवडू लागली. मासिक पास हा घरखर्चातील एक कायमचा आकडा झाला.

लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही याच काळात नवे रूप आले. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. तत्पूर्वी १९२९मध्ये बोरघाटातील उलट दिशेचे स्थानक टाळणारा नवा मार्ग तयार झाला होता. कोकणच्या वाट्यास मात्र ही सोय फार उशिरा आली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा यांचा या स्थानकाशी लोहमार्गाने थेट संबंध जुळला. तोवर मुंबईस सर्वाधिक मनुष्यबळ पुरविणाऱ्या प्रदेशांपैकी एक असलेला कोकण बोट आणि एस.टी. यांवरच अवलंबून होता.

सात फलाट आणि अकरा फलाट

५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि तिचे मुख्यालय याच इमारतीत आले. १९९६मध्ये स्थानकास छत्रपती शिवाजी टर्मिनस असे नाव देण्यात आले. २०१७मध्ये त्यात ‘महाराज’ हा आदरार्थी शब्द जोडला गेला. जुन्या पिढीच्या तोंडी मात्र ‘बोरीबंदर’ आणि ‘व्ही.टी.’ ही नावे रेंगाळत राहिली.

उपनगरी सेवेचा विस्तार या काळात सतत होत राहिला. १९९२मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून गाडी वाशीला आणि १९९८मध्ये पनवेलला पोहोचली. उत्तरेस कसारा १२१ किलोमीटरवर, तर आग्नेयेस कर्जत १०० आणि खोपोली ११४ किलोमीटरवर आहे. २०१२पासून पंधरा डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या. १९२५ सालच्या एकदिश प्रवाहाची जागा मुख्य मार्गावर २०१५मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६मध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने पूर्णतः घेतली. मुख्य मार्गावर वातानुकूलित उपनगरी गाडी २०२०मध्ये आली. २०२३च्या फेब्रुवारीत येथून सोलापूर व शिर्डीसाठी वंदे भारत गाड्या सुरू झाल्या.

तरीही एक विसंगती कायम आहे. या स्थानकात अठरा फलाट आहेत. त्यांपैकी अकरा लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आणि सात उपनगरी गाड्यांसाठी आहेत. प्रवाशांचा मोठा लोंढा मात्र या सात फलाटांवरूनच वाहतो. मध्य रेल्वेवर रोज सुमारे १,८०० उपनगरी फेऱ्या होतात आणि लक्षावधी लोक त्यांतून प्रवास करतात. स्थानकाच्या भोवती नवे फलाट टाकण्यास जागा नाही. म्हणून उपाय दूरवर शोधावे लागतात. काही लांबच्या गाड्या दादरहून आणि कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सोडणे किंवा २०२२मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पूर्ण झालेल्या पाचव्या व सहाव्या मार्गांप्रमाणे दोन्ही प्रकारच्या वाहतुकीस वेगळे रूळ देणे, हे त्यांतील प्रमुख होत.

गर्दीची किंमत माणसे प्राणाने देत आहेत. २०२२, २०२३ आणि २०२४ या प्रत्येक वर्षी मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर दोन हजारांहून अधिक व्यक्ती मृत्यू पावल्या. रूळ ओलांडणे आणि भरलेल्या गाडीतून पडणे ही त्यांची ठळक कारणे आहेत. जून २०२५मध्ये मुंब्रा येथे दारात उभे असलेले प्रवासी चालत्या गाड्यांतून पडून मरण पावले, तेव्हा आपोआप बंद होणाऱ्या दारांची निकड पुन्हा एकदा प्रकर्षाने पुढे आली.

आघात आणि धीर

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री दहशतवाद्यांनी या स्थानकात केलेल्या गोळीबारात ५८ जणांचे प्राण गेले आणि शंभरावर लोक जखमी झाले. त्यांत गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणारे सामान्य प्रवासी मोठ्या संख्येने होते. त्या वेळी कर्तव्यावर असलेला उद्घोषक जागेवरून हलला नाही. कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे तो ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिला आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. दुसऱ्या दिवशी स्थानकातून गाड्या पुन्हा धावू लागल्या.

१४ मार्च २०१९ रोजी स्थानकास रस्त्याच्या पलीकडील भागाशी जोडणारा पादचारी पूल कोसळला आणि काही जण मृत्युमुखी पडले. पुलाची देखभाल नेमकी कोणाकडे, ही चर्चा दुर्घटनेनंतर झाली. ती आधी झाली असती, तर उपयोगी पडली असती. मार्च २०२०मध्ये कोविडच्या साथीमुळे उपनगरी गाड्या बंद झाल्या. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी त्या पुन्हा सुरू करण्यात आल्या. गाड्यांवाचून रुग्णालये आणि पाणीपुरवठा यांसारख्या सेवाही चालविणे कठीण जाते, हे त्या अडीच महिन्यांत सर्वांच्या ध्यानात आले.

वारसा आणि वापर

जुलै २००४मध्ये युनेस्कोने या स्थानकाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. या यादीतील पुष्कळशा वास्तू तिकीट काढून पाहावयाच्या आहेत. येथे मात्र तिकीट काढले जाते ते प्रवासाचे. रोज लाखो पावले ज्या फरशीवरून जातात, ती जपावयाची आणि त्याच वेळी त्या पावलांसाठी वाट रुंदही करावयाची, असा हा दुहेरी प्रश्न आहे. २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली व अहमदाबाद या स्थानकांबरोबर या स्थानकाच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. या कामाचे मोजमाप दर्शनी भाग किती उजळला यावर करून भागणार नाही. कर्जतहून पहाटे निघालेला कामगार फलाटावरून रस्त्यावर किती सुरक्षितपणे पोहोचतो, हा त्याचा खरा निकष असावयास हवा.

आपल्या गावच्या स्थानकापुरता विचार

बोरीबंदरच्या या इतिहासातून ग्रामीण आणि निमशहरी भागांतील कार्यकर्त्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. लोहमार्ग येतो तो एका हेतूने आणि वापरला जातो दुसऱ्याच हेतूने. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून पुढे माणसे आली आणि त्या माणसांनी शहराचा नकाशा बदलला. आज हीच प्रक्रिया शहापूर आणि कर्जत तालुक्यांतील स्थानकांभोवती चालू आहे. जेथे दहा वर्षांपूर्वी भातखाचरे होती, तेथे इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांतील रहिवासी रोज मुंबईची गाडी पकडत आहेत.

अशा स्थानकांलगतच्या ग्रामपंचायतींनी जागा मोकळी आहे तोवरच तिचा विचार करावयास हवा. स्थानकाकडे येणारा रुंद रस्ता, एस.टी. व रिक्षांसाठी स्वतंत्र जागा, सांडपाण्याचा निचरा, रस्त्यावरील दिवे आणि रूळ ओलांडावे लागू नयेत म्हणून पादचारी पुलाची वेळीच केलेली मागणी, या गोष्टी आरंभी थोड्या खर्चात होतात. एकदा घरे उभी राहिली, की त्याच गोष्टींसाठी पिढ्यान्‌पिढ्या खोळंबून राहावे लागते. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की पूल, भुयारी मार्ग आणि जोडरस्ते यांपैकी कशाची देखभाल रेल्वेकडे आणि कशाची स्थानिक संस्थेकडे, याची स्पष्ट नोंद दोन्ही दप्तरांत असली पाहिजे आणि ती दरवर्षी पडताळून पाहिली पाहिजे.

शिक्षकांना तर आपल्या गावचे स्थानक हे इतिहासाचे उघडे पुस्तकच आहे. गाडी प्रथम कधी आली, तिने कोणता माल बाहेर नेला, गावातून कोण कोण कोणत्या कामासाठी शहरात गेले, पहिल्या गाडीची वेळ आणि शाळेची किंवा बाजाराची वेळ यांचा काय संबंध आहे, अशा प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मिळवावीत. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्यातून जमणारी वही त्या गावाच्या नियोजनासही उपयोगी पडेल.

१८५३मध्ये पहिल्या गाडीत बसलेल्या ४०० निमंत्रितांची सोय पाहण्यास सारे सरकार तत्पर होते. आज सात फलाटांवर उतरणाऱ्या लक्षावधी लोकांना कोणाचे निमंत्रण नसते. शहर चालते ते त्यांच्या येण्याने. त्यांचा प्रवास सुरक्षित आणि सुसह्य करणे हे रेल्वेचे, महानगरपालिकेचे आणि लोहमार्गाच्या दूरच्या टोकावरील ग्रामपंचायतीचेही सामाईक कर्तव्य आहे.